थ्रॉटल सोडल्यावर

कापलेल्या ऑइल फिल्टरची कागदी घडी मुग्धाने उलगडली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. तेल निथळून गेल्यावर घड्यांच्या आत थोडी चमचम राहिली होती. रांगोळीत कुणी चिमूटभर अभ्रक टाकावं तेवढीच. नवं इंजिन पहिल्यांदा पळून आलं की एवढं निघतंच, असं तिच्या हाताखालचा मेकॅनिक सुशांत म्हणाला आणि त्यात काही चुकीचं नव्हतं. तो वर्कशॉपमध्ये नवीन आला तेव्हा मुग्धानेच त्याला हे सांगितलं होतं. तरी ती घडी तिच्याने कचऱ्यात टाकवेना. तिने ती एका डबीत ठेवली, डबी टेबलावर ठेवली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती पुन्हा पुन्हा उघडून पाहत राहिली.

वर्कशॉप राजाजीनगरच्या कारखान्यांच्या भागात होतं. मालक वादिराज स्वतः तरुणपणी मोटरसायकली पळवायचे. आता त्यांची एकच गाडी आणि एकच रायडर असलेली छोटी रेसिंग टीम होती. मुग्धाने पुण्यात मोटारींच्या कंपनीत इंजिनांवर काम केलं होतं. नवऱ्याला, श्रीरंगला, इथल्या आयटी कंपनीत नोकरी लागली म्हणून ती बेंगळुरूला आली आणि घरात बसून कंटाळली असताना वादिराजांशी गाठ पडली. टीमचं जुनं इंजिन दणकट होतं, पण सुस्त. मुग्धाने नव्या मोसमासाठी तसंच दुसरं इंजिन घेऊन त्याच्या पोटातला सगळा ऐवज बदलला. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, हलका केला, त्यावरची बेअरिंगं अरुंद केली, पिस्टनला क्रँकशी जोडणारे रॉड तासून सडपातळ केले. फिरणाऱ्या भागांचं वजन आणि घर्षण दोन्ही घटलं. इंजिन इतकं झटकन वर चढू लागलं, की पहिल्यांदा चालवलं तेव्हा वादिराजांनी कानावर हात न ठेवता नुसतं डोळे मिटून ऐकलं होतं.

गाडी पळवणारी महानंदा निपाणीची. बसवनगुडीतल्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका होती आणि चामराजपेटेत तिच्या मावशीकडे राहायची. वर्कशॉपमध्ये मराठी बोलणाऱ्या बायका या दोघीच, त्यामुळे गट्टी जमायला वेळ लागला नाही. महानंदा तिला अक्का म्हणायची. निपाणीकडच्या बायका बोलतात तशी ती स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलायची आणि पुण्याच्या मुग्धाला ते फार आवडायचं.

त्या दुपारी महानंदाचा फोन आला. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर झालेल्या सरावाची नशा अजून उतरली नव्हती. वळणातून बाहेर पडताना गाडी कशी उसळते, पुढचे लोक कसे जागेवर उभे असल्यासारखे वाटतात, हे ती भरभरून सांगत होती. रविवारची शर्यत आपलीच, असं ती दोनदा म्हणाली. ही शर्यत तिच्या दृष्टीने साधी नव्हती. एका मोठ्या टीमची माणसं तिला बघायला येणार होती.

मुग्धाने सहज विचारावं तसं विचारलं, “वेगळं काही जाणवलं का गं?”

“काय न्हाई. थ्रॉटल सोडला की पायाखाली मुंग्या आल्यागत होतंय तेवढं. स्वल्पच. धरला की जातंय.”

फोन ठेवल्यावर मुग्धाने डबी पुन्हा उघडली.

घरी गेल्यावर ती एका जागी बसेना. भाजी चिरायला घेतली आणि अर्धी टाकून लॅपटॉप उघडला, तो मिटून गॅलरीत गेली, तिथून परत ओट्याशी. श्रीरंग ऑफिसच्या कॉलवर होता. तो संपवून स्वयंपाकघरात आला तेव्हा ती कुकरच्या झाकणातली रबरी रिंग काढून दोन्ही हातांनी ताणून पाहत होती. काय चाललंय, असं त्याने विचारलं.

मुग्धाने त्याला समजावून सांगितलं, खरं तर स्वतःलाच. रॉडच्या खालच्या टोकाला गोल डोळा असतो. त्यात बेअरिंगच्या दोन अर्ध्या वाट्या बसतात आणि आत क्रँक फिरतो. धातू धातूला कधी टेकत नाही. मध्ये तेलाचा पापुद्रा असतो, केसापेक्षा कितीतरी पातळ, आणि सगळा भार तोच पेलतो. पिस्टन वर जातो तेव्हा त्याला थांबवून परत खाली ओढायचं काम रॉडचं. रायडरने थ्रॉटल, म्हणजे वेग देणारी हँडलची मूठ, पिळून धरलेला असला, की पेटलेला गॅसही पिस्टनला खाली ढकलतो, त्यामुळे रॉडला मदत मिळते. पण पूर्ण वेगात असताना थ्रॉटल सोडला तर ती मदत जाते. सगळी ओढ एकट्या रॉडवर येते आणि त्याचा गोल डोळा ताणला जातो. तिने रिंग वरून आणि खालून ओढली. रिंग उंच झाली आणि तिच्या दोन्ही बाजू आत आल्या.

“या बाजू क्रँकला चिमटा काढतात,” ती म्हणाली. “मी रॉड सडपातळ केलाय. तो किती ताणला जाईल, ते मी कमी धरलं.”

“टेस्टमध्ये नाही का दिसलं?”

“आमच्या टेस्ट बेंचवर इंजिन फुल थ्रॉटललाच चालतं. महानंदा सगळ्यांपेक्षा उशिरा थ्रॉटल सोडते आणि धडाधड गिअर पाडते. तिच्या पळवण्यात जे आहे, ते आमच्या टेस्टमध्ये नाहीच.”

श्रीरंगला जेवढं कळलं तेवढ्यावरून तो म्हणाला, की मग इंजिन उघडून बघ. मुग्धाने रिंग परत झाकणात बसवली. वादिराजांनी सकाळीच सांगितलं होतं, की इंजिन आता कुणी उघडायचं नाही. गाडी टेम्पोत चढायची वेळ जवळ आली होती. पण तिच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही येत होतं. काही वर्षांपूर्वी महानंदा दुसऱ्या टीमकडे असताना भर वेगात इंजिन जाम झालं होतं. मागचं चाक जागीच थांबलं आणि ती हवेत फेकली गेली. तिच्या मांडीत अजून लोखंडी सळई होती. मोबाइलवरचा तो एक्सरे महानंदा लोकांना हसत दाखवायची. मुग्धाला एकदा पाहिल्यावर तो पुन्हा पाहवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी वर्कशॉपला पोचली. सुशांत आला तोवर तिने इंजिन फ्रेममधून सोडवायला घेतलं होतं. सरांना विचारलंत का, असं त्याने विचारलं. ती नाही म्हणाली. तो क्षणभर घुटमळला, मग बाह्या सरसावून दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

रॉडचे बोल्ट काढून तिने बेअरिंगच्या वाट्या टेबलावर मांडल्या. वाटीच्या मधोमध, जिथे भार यायचा, तिथे करडा थर जसाच्या तसा होता, मऊ आणि एकसारखा. पण दोन वाट्या जिथे एकमेकींना मिळतात, त्या कडांजवळ तो घासून गेला होता आणि खालून तांब्याचा लालसर रंग दिसत होता. चारही वाट्यांवर तेच. मुग्धाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आपली शंका खरी निघाली म्हणून. तसं काही वाटलं नाही.

वादिराज आले आणि टेबलाकडे पाहून दारातच थांबले. ते चिडले की आवाज खाली जायचा. इंग्रजी आणि हिंदीत बराच वेळ दोघांचं चाललं. नव्या वाट्या घालून इंजिन बंद कर, असं त्यांचं म्हणणं. नव्याही तशाच झिजणार, असं हिचं. शेवटी त्यांनी सरळ विचारलं, की हे इंजिन रविवारी मोडेल का. होय किंवा नाही, एवढंच सांग.

मुग्धाने प्रामाणिकपणे सांगितलं, की ते सांगता येत नाही. मोडेल, हे नक्की. कधी, ते नक्की नाही. आणि मोडलं तर मागचं चाक अडकेल.

वादिराजांनी एक वाटी उचलली, अंगठ्याने कडेवरून चाचपली आणि ठेवून दिली. जुनं इंजिन चढवा, असं सुशांतला सांगून ते आपल्या केबिनमध्ये गेले.

शाळा सुटल्यावर महानंदा आली ती गळ्यात शिट्टी तशीच ठेवून. फ्रेममध्ये जुनं इंजिन बसलेलं तिने पाहिलं आणि काही न विचारता मुग्धाच्या टेबलापाशी आली. मुग्धाने तिला वाट्या दाखवल्या, लाल कडा दाखवल्या, पायाखालच्या मुंग्या कशाच्या होत्या ते सांगितलं. महानंदाने सगळं ऐकून घेतलं.

“हे कधी उघडलंस?”

“आज सकाळी.”

“आणि मला फोन कधी केलास?”

मुग्धा वाट्या डबीत भरू लागली.

“तुला वाटलं, मी बस म्हणेन. उघडू नको म्हणेन. म्हणून विचारलं न्हाईस.” महानंदाचा आवाज शांत होता आणि त्याचंच मुग्धाला भय वाटलं. “अक्का, इंजिन तू केलंस, ते तुझं. पण त्याच्यावर मांडी टाकून बसतो मी. पडलो तर मी पडतो. मला भीती न्हाई असं तुला वाटतंय का? पहिल्या वळणाला रोज वाटते. तरी बसायचं का न्हाई, ते माझं मी ठरवतो. ते तू कसं ठरवलंस?”

“मी तुझ्यासाठीच...”

“ते मला ठाव आहे,” ती म्हणाली आणि निघून गेली.

शर्यतीला मुग्धा गेली नाही. तू आली नाहीस तरी चालेल, असं वादिराजांनी सुचवलं होतं आणि महानंदाने तर फोनच उचलला नव्हता. रविवारी सकाळपासून ती मोबाइल घेऊन घरभर फिरत होती. श्रीरंगने तिला खाली फिरायला नेलं, तर गांधी बझारच्या फुलांच्या दुकानांसमोर ती मध्येच उभी राहिली आणि कानाला फोन लावून सुशांतकडून एकेक फेरा ऐकू लागली. महानंदा वळणांमध्ये पुढे जायची. सरळ रस्ता आला की लोक तिला मागे टाकायचे. पुढच्या वळणात ती पुन्हा वर, पुढच्या सरळ रस्त्यावर पुन्हा खाली. असं शेवटपर्यंत चाललं. ती चौथी आली.

मोठ्या टीमची माणसं पहिल्या दोघांशी बोलून गेली, असं सुशांतने सांगितलं. न विचारता सांगितलं.

त्यानंतर महानंदा वर्कशॉपला आली नाही. मुग्धा रोज जात होती, नव्या रॉडची चित्रं काढत होती, पण मन त्यात नव्हतं. बसमध्ये, आंघोळ करताना, कणीक मळताना तिच्या डोक्यात एकच भुंगा होता, की ते इंजिन रविवारी टिकलं असतं का. ही गोष्ट कळण्यासारखी होती. झिजलेल्या वाट्या डबीत होत्या, रॉड होते, क्रँक होता. सरावाच्या वेळी गाडीवरच्या यंत्राने महानंदाचा प्रत्येक फेरा टिपला होता. कुठे थ्रॉटल धरला, कुठे सोडला, सगळं. बेंगळुरूच्याच पीण्या भागात एक टेस्ट लॅब होती, तिथे इंजिन नुसतं पळवता यायचं असं नाही, तर थ्रॉटल बंद करून मोटरने पूर्ण वेगात ओढताही यायचं. तोच फेरा तिथे पुन्हा पुन्हा चालवता आला असता.

वादिराजांना त्यात अर्थ दिसेना. शर्यत होऊन गेली, आता कळून काय करणार, असं ते म्हणाले. नवा रॉड किती जाड करायचा ते यावरून कळेल, असं मुग्धाने सांगितलं. ते खरंच होतं. पण टेस्टची तारीख ठरली तेव्हा तिने पहिला निरोप महानंदाला पाठवला. तू ये. जे दिसेल ते दोघी मिळून पाहू. उत्तर आलं नाही.

टेस्टच्या दिवशी मुग्धा लॅबच्या काचेपाशी उभी असताना मागून कुणीतरी येऊन शेजारी उभं राहिलं. महानंदा होती. शाळेतून अर्धी रजा घेऊन आली होती. कशी आहेस, असं दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.

काचेपलीकडे त्याच झिजलेल्या वाट्या घातलेलं इंजिन सुरू झालं. आधी मंद, मग चढत चढत पूर्ण वेगात, आणि मग एकदम थ्रॉटल बंद, मोटरची ओढ, पुन्हा थ्रॉटल. आधी महानंदा हाताची घडी घालून उभी होती. थोड्या वेळाने तिचा उजवा हात सुटला आणि मनगट आवाजाबरोबर नकळत वळू लागलं.

“हे पहिलं वळण,” ती पुटपुटली. आणि मग, “इथं मी जरा लवकर सोडलोय. भ्यालोय.”

तिचाच फेरा तिला ऐकू येत होता. शर्यतीआधीच्या शनिवारी सरावात जेवढे झाले असते तेवढे फेरे संपले, पात्रता फेरीचे संपले. तेलाचा दाब दाखवणारा आकडा जागचा हलला नाही. शर्यतीचे फेरे सुरू झाले तेव्हा मुग्धा काचेला अगदी टेकून उभी राहिली. इंजिन मोडावं, असं तिला वाटत होतं. आता मोडावं, या फेऱ्यात, म्हणजे आपण बरोबर होतो हे ठरेल. स्वतः घडवलेलं इंजिन मोडायची वाट आपण पाहतोय, याची तिला लाजही वाटली. पण ती इच्छा जाईना.

शेवटचा फेरा आला आणि गेला. इंजिन चालूच होतं.

महानंदाने काचेवरची नजर न काढता विचारलं, “झाली शर्यत?”

“झाली.”

“म्हणजे मी पोचलो असतो.”

मुग्धाच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं. लॅब म्हणजे ट्रॅक नव्हे. ब्रेक मारताना तेल टाकीत पुढे लोटलं जातं, ते इथे होत नाही. खाचखळगे नाहीत, चेन्नईचं ऊन नाही. हे सगळं खरं होतं आणि संध्याकाळी वादिराज फोनवर नेमकं हेच म्हणणार होते. तिने मात्र यातलं काही म्हटलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “बहुतेक पोचली असतीस. त्या दिवशी मी चुकले.”

लॅबच्या माणसाने थांबवू का, असं खुणेने विचारलं, तर महानंदानेच मान हलवून नाही म्हटलं. फेरे पुढे चालू राहिले. आणखी एक शर्यत होईल इतके होत आले असतील. मग एका लांब उतरत्या आवाजात, थ्रॉटल बंद झाल्या झाल्या, तेलाचा आकडा ढासळला. आतून हातोडा मारल्यासारखे ठोके आले, माणसाने बटण दाबलं, पण त्याआधीच एक कर्कश आवाज होऊन सगळं जागच्या जागी थांबलं. काच हादरली. महानंदा एक पाऊल मागे सरकली आणि तिचा हात मांडीवर गेला.

इंजिन निवल्यावर उघडलं. क्रँक जळून निळा पडला होता. एक वाटी आपली जागा सोडून फिरली होती आणि दुसरीत घुसली होती. महानंदाने ती हातात घेऊन पाहिली.

“हे पुढच्या शर्यतीत झालं असतं तर?”

“तर तुला कळायच्या आत चाक अडकलं असतं.”

“आणि त्याच्या आधी तू मला सांगितलं असतंस? धोका आहे, बसायचं का बघ, असं?”

मुग्धाने विचार केला. “तेव्हा मी नसतं सांगितलं. उघडलंच असतं आणि जुनं इंजिन चढवलं असतं.”

“मग आता?”

“आता आधी तुला सांगेन. तू बस म्हणालीस तर भांडेन. पण सांगेन.”

महानंदा पहिल्यांदाच किंचित हसली. भांड की, भांडायला कोण नको म्हणतंय, असं म्हणाली. राग पूर्ण गेला नव्हता. ते चौथं स्थान तिला पुढेही बरेच दिवस सलत राहिलं आणि ती ते लपवायची नाही. पण त्या दिवशी रिक्षातून परतताना तिने नव्या रॉडबद्दल विचारलं आणि मुग्धाने तिच्यासमोर दोन वाटा ठेवल्या. डोळ्याभोवती धातू वाढवला तर रॉड ताणला जाणार नाही, पण इंजिनाचा तो झटका थोडा कमी होईल. किंवा रॉड आहे तसाच ठेवायचा आणि इंजिनाचा वरचा वेग कापायचा. महानंदाने खोदून खोदून विचारलं. कुठल्या वळणात किती फरक पडेल, थ्रॉटल लवकर सोडला तर किती वाचेल. चामराजपेटेच्या गर्दीत रिक्षा अडकली तोवर तिचं ठरलं होतं. धातू वाढव, ती म्हणाली. वरचा वेग मला पाहिजे. उसळी जरा कमी झाली तर वळणात मी बघून घेतो.

नवे रॉड आले, इंजिन पुन्हा उभं राहिलं. या वेळी ते पीण्याच्या लॅबमधून महानंदाचेच फेरे पळून, उघडून, पुन्हा बंद होऊन आलं. वाट्यांच्या कडा करड्याच होत्या. तरी गाडी पुढच्या शर्यतीसाठी टेम्पोत चढवायच्या सकाळी मुग्धा इंजिनाभोवती घुटमळत होती. एक बोल्ट तपासून झाला की दुसरा, दुसरा झाला की पुन्हा पहिला. सुशांतने पाना काढून घेतला, तरी तिचा हात पुन्हा तिकडेच.

महानंदा तिच्याकडे पाहत फळीवर बसली होती. “भरवसा किती आहे, अक्का? खरं सांग.”

“पुष्कळ,” मुग्धा म्हणाली. “पूर्ण नाही. पूर्ण कधीच नसेल.”

महानंदाने थोडा वेळ गाडीकडे पाहिलं. मग उठली, हँडल धरलं आणि सुशांतला मागून ढकलायला सांगितलं.

“सरी, चालतंय. बसतो मी. पण तू पण चल.”

मुग्धाने श्रीरंगला फोन करून सांगितलं, की आज घरी येत नाही, तीही चेन्नईला निघाली आहे. कपडे काहीच बरोबर नव्हते. वादिराजांनी टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारची जागा तिच्यासाठी मोकळी केली. पण ती मागे, दोरांनी बांधलेल्या गाडीशेजारी, महानंदाबरोबर जाऊन बसली.